सरावाच्या नाक्यावर खरा धान

१९७४ च्या मे महिन्यात, बावनथडी नदीच्या कोरड्या पात्रात, विद्यार्थ्यांनी सरावासाठी उभारलेल्या नाक्यावर एका खऱ्या बैलगाडीतला बियाण्याचा धान जप्त झाला. जप्ती करणाऱ्याला जप्तीचा अधिकार नव्हता. धान मात्र त्याच संध्याकाळी तालुक्याच्या सरकारी गोदामात जमा झाला.

मी तेव्हा नागपुरातल्या एका प्रशिक्षण संस्थेत सीमाव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे क्षेत्रकार्य पाहत होतो. त्याआधी काही वर्षे एका दैनिकाच्या संपादकीय विभागात काढली होती. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून कळलेले एकाच वाक्यात लिहायचे नाही, ही तिथली सवय अजून टिकून आहे. या हकिकतीत मी जिथे हजर नव्हतो, तिथे तसे सांगितले आहे.

सीमाव्यवस्थापन म्हटले की लोक विचारत, "म्हणजे सैन्यात होता का?" आमची सीमा दोन राज्यांमधली. तिला कुंपण नव्हते, बंदूकधारी नव्हते. तुमसर तालुक्यात आंबागडचा डोंगर मागे टाकून उत्तरेला गेले की नदी लागते आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. इकडचे लोक तिकडे मुली देतात, तिकडचे इकडे देतात. मात्र धान, तेंदूपाने, सागवान, मोहाची दारू आणि गुरे यांनी ही नदी ओलांडली की प्रत्येकासाठी वेगळे खाते जागे होई. त्या काळी धान परवान्याशिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नसे. आमचे विद्यार्थी म्हणजे पुरवठा, वन आणि विक्रीकर खात्यांत नव्याने लागलेली मुले आणि काही नुसते एम. ए. झालेले. अभ्यासक्रमाचा अर्धा भाग संशोधनाचा होता, अर्धा सरावाचा. उन्हाळ्यात आम्ही त्यांना नदीकाठच्या मोहाटोला गावी नेत असू. मुक्काम शाळेत. एक गट सीमेची रेषा नेमकी कुठून जाते याचे संशोधन करी, दुसरा गट पात्रात बांबूचा अडसर टाकून नाका चालवी.

हा नाका खोटा असे. त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद घ्यायची, कोणाला अडवायचे नाही. अडवायची ती फक्त एक गाडी, आणि ती आम्हीच पाठवलेली. त्यासाठी दसरू नावाचा माणूस ठरवलेला असे. दसरू दंडारीत काम करी. दंडार म्हणजे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री गावोगाव होणारा नाचगाण्यांचा खेळ. दसरूने त्यात राजा, सावकार, हवालदार असे सगळे केले होते. आमच्याकडे तो तस्कर होई. कोंड्याने भरलेली पोती गाडीत टाकून तो नाक्यावर येई आणि विद्यार्थ्यांनी त्याला पकडून, पंचनामा करून, पोती शाळेत आणून ठेवायची. विद्यार्थ्यांना संचालकांनी लिहिलेली सूचना दिलेली होती: गाडीवाला बियाण्याचा धान असल्याचे सांगेल, नातेवाइकांचे नाव घेईल, विनवण्या करील. विचलित होऊ नये. गाडीत कोण असेल, हे मात्र त्यांना सांगितलेले नसे.

त्या दिवशी नाक्याचा प्रमुख कुलथे होता. त्याचे वडील जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. तो शाळेपासून तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलेला. फाटकावर पास दाखवल्याशिवाय ज्या वसाहतीत दूधवालाही येत नाही, तिथला हा मुलगा. गटात सगळ्यांत कसून काम करणारा. मी त्या वेळी संशोधनाच्या गटाबरोबर नदीच्या वरच्या अंगाला होतो. पुढचा प्रसंग मला कुलथे, त्याचा सोबती आणि गाडी हाकणारा सोमाजी या तिघांनी वेगवेगळा सांगितला. तिघांचे म्हणणे जुळते.

गाडी पलीकडच्या काठावरून आली. गाडीत पंचफुलाबाई बसली होती, मोहाटोल्याची शेतकरीण, नवरा वारल्यावर शेती स्वतः पाहणारी. सोमाजी तिचा दीर. तिचे माहेर नदीपलीकडे. या भागात दर दोन-चार वर्षांनी बिजाई पालटतात. एकाच शेतातले बियाणे पुन्हा पुन्हा पेरले की थकते, असे लोक मानतात. म्हणून सासरी आलेली बाई माहेरचे बियाणे आणते आणि तिच्या शेतातले बियाणे भाऊ नेतो. त्या दिवशी भावाच्या घरी गोडधोड होते. पंचफुलाबाई जेवून निघाली होती.

कुलथे गाडीपुढे उभा राहिला. "परवाना?"

"कायचा परवाना जी?"

"धानाचा."

"बिजाई होय, साहेब. भावाकडून आणून राहिली. परे टाकाचे आहेत."

नाक्यावरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले. सूचनेत लिहिलेले तंतोतंत घडत होते.

"मावशी, इथे सगळे हेच सांगतात."

"सगळे कोन? मी तं एकटीच आली."

सोमाजीने विचारले, "भाऊ, तुमी कोन्या खात्याचे?" कुलथेने अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव सांगितले. सोमाजी पुढे मला म्हणाला, एवढे लांब नाव असलेले खाते खोटे असेल असे त्याच्या मनातही आले नाही.

पंचफुलाबाई रडली नाही. गाडीतून उतरून ती बैलांपुढे उभी राहिली. "मी नाई हलत. तुह्या मायले विचारून ये, बिजाई कोनी अडवते का मून!"

"आईला मधे आणू नका."

"मंग कोनाले आणू? बापाले आणू?"

कुलथेच्या निरीक्षणपत्रात या ठिकाणी शेरा आहे: विनवणीऐवजी दटावणीचा वापर; अभिनय स्वाभाविक.

पंचनामा झाला. त्याच सुमारास आपल्याच पुरवठा खात्याचा रिकामा ट्रक पलीकडून तालुक्याच्या गोदामाकडे परतताना वाळूतून आला. त्याच्या ड्रायव्हरने कुठे जायचे आहे म्हणून विचारले. पोती शाळेत ठेवायची होती, परंतु कुलथेला वाटले की सराव पूर्ण व्हावा. त्याने पोती ट्रकमध्ये चढवली, सोबत पंचनामा दिला, त्यावर संस्थेचा गोल शिक्का मारला. ट्रक गेला. सोमाजीने रिकामी गाडी गावाकडे वळवली. पंचफुलाबाई पायी गेली.

दसरू आला तेव्हा ऊन उतरले होते. वाटेत बैलाचा नाल निघाला होता. त्याने मिशा चिकटवल्या होत्या आणि गळ्यात लाल रुमाल होता. नाक्यावरच्या मुलांनी त्याला हात दाखवून जायला सांगितले.

"सराव झाला. उशीर केला तुम्ही."

"झाला?" दसरू म्हणाला. "मंग माहा पार्ट कोनी केला?"

"त्या बाईने."

"कोन्या बाईने?"

मी नाक्यावर पोचलो तेव्हा हे संभाषण नुकतेच संपले होते. कुलथे बांबू धरून उभा होता. दसरूने मिशा काढून खिशात ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि कुलथे गोदामात गेलो. गोदामपाल सभ्य माणूस होता. त्याने चहा मागवला आणि सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे जप्ती खोटी, असं म्हणता?"

"हो."

"धान खोटा आहे का?"

"नाही."

"नदीपलीकडून आला?"

"हो."

"परवाना होता?"

"नाही."

"मग जप्ती खोटी कशी?"

मी म्हणालो, जप्त करणारा विद्यार्थी आहे.

"तर मग खरीही नाही," गोदामपाल म्हणाला. "खोटी असती तर मी पोती घेतली नसती. खरी असेल तर मी सोडू शकत नाही. तुम्ही काय ते ठरवा आणि या." मग त्याने आवाज खाली आणून एक वाट सुचवली. नाका ज्या जागी होता ती जागा पलीकडच्या राज्यात असेल, तर धान आपल्या राज्यात आलाच नव्हता. मग गुन्हा कसला? मात्र तसे असेल तर धान तिकडेच परत द्यावा लागेल, आणि त्यासाठी इकडून तिकडे नेण्याचा परवाना लागेल.

नाका कुठे होता? कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, एका मोठ्या झाडाखाली. झाड कोणत्या राज्यात? याच प्रश्नावर आमचा संशोधनाचा गट काम करत होता. मी त्यांना लवकर निष्कर्ष मागितला. त्यांनी एकाऐवजी अनेक दिले. महसूल नकाशाप्रमाणे सीमा नदीच्या मध्यातून जाते. पण एका पुरात नदीने पात्र बदलले होते आणि गावकरी जुन्या पात्राला मेली नदी म्हणत. जुनी नदी धरली तर झाड पलीकडे, नवी धरली तर झाड अलीकडे. वन खात्याच्या खांबांप्रमाणे झाड कोणाच्याच हद्दीत नव्हते. पूर्वी एकदा त्या झाडाखाली अनोळखी प्रेत सापडले होते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या ठाण्यांनी ते दुसऱ्याच्या हद्दीत असल्याचे कळवले होते.

मी गावच्या पुजाऱ्याला विचारले. आषाढातल्या आखाडीला गावाची शीव पुजतात. शिवेचा दगड त्याच झाडाजवळ आहे. पुजारी म्हणाला, "आपलीच शीव होय थे."

"आणि नदीपलीकडच्या गावाची?"

"त्यायचीही थेच होय. आमी सकाळी पुजतो, थे दुपारी येतात. कोंबडं ज्याचं त्याचं."

"मग हद्द कोणाची?"

"आता तुमी तं सायेब लोक, मोजाले आले. मी काय सांगू?"

पंचफुलाबाई रोज सकाळी शाळेत येई. ओसरीवर बसे. कुलथे बाहेर आला की विचारी, "बापू, माही बिजाई कुटं आहे?" सुरुवातीला ती रागाने विचारी, नंतर रागही कमी झाला. तिची बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, तलावाच्या खालच्या अंगाला खोलात होती. पावसाळाभर पाणी तुंबे. तिथे बुटका धान सडतो. तिच्या माहेरचा धान उंच ताटाचा, टोकाला काळसर नख असलेला. तोच त्या पाण्यात उभा राहतो. दुसरे बियाणे घे, असे तिला आमच्यातल्या एकाने सुचवले. ती म्हणाली, "तुमी शिकलेले आहा ना जी? मंग बदक पेरा मनून सांगा. पाण्यात उभं राह्यते."

रोहिणी नक्षत्र लागले. मृगाला फार अवकाश नव्हता. मृगात परे पडले नाहीत, म्हणजे रोपांसाठी बी पेरले गेले नाही, तर रोपे नाहीत, आणि रोपे नाहीत तर त्या बांधीत वर्षभर काही नाही. हे कुलथेला आता कळत होते. त्याने जेवण कमी केले. मी संचालकांना नागपूरला कळवले होते. त्यांचे उत्तर आले की प्रकरण शिक्षणाच्या दृष्टीने उपयुक्त आहे, सविस्तर टिपण ठेवावे.

शिबिराचा शेवटचा सराव अपिलाचा असे. एक विद्यार्थी अपील अधिकारी होई, दोघे वकिली करत आणि छापील प्रकरणावर सुनावणी होई. त्या वर्षी छापील प्रकरण बाजूला राहिले. पंचफुलाबाईचे प्रकरण पुढे आले. ही कल्पना कुलथेची. संचालकांना हे आधी कळले होते की नंतर, याबाबत दोन मते आहेत. मी तिथे होतो आणि मी थांबवले नाही.

अपील अधिकारी सुमन गेडाम नावाची विद्यार्थिनी होती. शाळेच्या टेबलावर तिने चादर अंथरली. कुलथे, ज्याने जप्ती केली होती, तोच धान सोडण्याच्या बाजूने बोलला. विरुद्ध बाजूच्या विद्यार्थ्याने हरकत घेतली की एकच माणूस दोन्हीकडून उभा राहू शकत नाही. गेडाम म्हणाली, "या प्रकरणात राहू शकतो." मग तिने पंचफुलाबाईला विचारले, "बाई, तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

पंचफुलाबाई उभी राहिली. "मले काही मनाचं नाई. याले विचारा." तिने कुलथेकडे बोट केले. "यानंच नेली, यानंच आणून द्यावी. मधात तुमी काहून बसल्या, मले समजून नाई राहिलं."

आदेश झाला: माल मुक्त करावा. त्यावर तोच गोल शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी कुलथे आणि सोमाजी गाडी घेऊन गोदामात गेले. मी सोबत होतो. गोदामपालाने आदेश वाचला, शिक्का पंचनाम्यावरच्या शिक्क्याशी ताडून पाहिला. "आता कसं," तो म्हणाला, "वरचा हुकूम आला." पोती वजन करून मिळाली. हा हुकूम कुठून आला हे त्याला माहीत होते की नव्हते, असे मी नंतर त्याला सरळ विचारले. त्याने विचारले, "चहा घेता का?"

पोती पंचफुलाबाईच्या अंगणात उतरली. तिने एक पोते सोडले, ओंजळभर धान उन्हात धरला, बोटाने फिरवला आणि परत पोत्यात टाकला. दुसरे पोते सोडले.

"हा माहा नोहे."

कुलथे म्हणाला, "मावशी, वजन बरोबर आहे. मी समोर उभा राहून करून घेतलं."

"वजन पेराचं आहे का, बापू?"

सोमाजीने धान पाहिला. मीही पाहिला. दाण्याला काळे नख नव्हते. गोदामात तिची पोती खरेदीच्या धानात ओतली गेली होती आणि परत देताना तेवढ्याच वजनाची पोती भरून मिळाली होती. गोदामाच्या हिशेबात चूक नव्हती. धान तो धान. कुलथे पोत्याशेजारी खाली बसला. पंचफुलाबाईने त्याला पाणी दिले. मग सोमाजीला म्हणाली, "भाऊजी, बैलं सोडा. मी जाऊन येतो." आणि ती पायी नदीकडे निघाली.

भावाने आपले परे आधीच टाकले होते. त्याच्याकडे एका टोपलीत मावेल इतकेच बियाणे उरले होते. ते डोक्यावर घेऊन ती त्याच वाटेने परतली. आमचा अडसर तोपर्यंत काढून झाला होता. तिला कोणी अडवले नाही. हे मला सोमाजीने सांगितले. त्यानंतर पाऊस आला, नदीला पाणी चढले आणि पलीकडे जाणे बंद झाले.

शिबिराचा निकाल आधीच टंकलिखित झाला होता. नाक्याच्या सरावात कुलथे पहिला आला.

भाद्रपदात मी मोहाटोल्याला गेलो. बांधीचा अर्धा भाग उंच, हिरवा होता. उरलेल्या अर्ध्यात तिने गोदामातला धान लावून पाहिला होता. तो पाण्याखाली आडवा झालेला होता, वास येत होता. कुलथे माझ्या आधी येऊन गेला होता, असे सोमाजीने सांगितले. तो बांधावर बराच वेळ उभा होता.

हा अभ्यासक्रम पुढे अनेक वर्षे चालला. मी तो सोडेपर्यंत दर वर्षी नव्या तुकडीला हे प्रकरण नाव न घेता देत असे आणि विचारत असे: जप्ती खरी होती की खोटी? दोन्ही बाजूंनी उत्तम निबंध आले. एका विद्यार्थ्याने लिहिले की जप्ती खोटी आणि सुटका खरी. दुसऱ्याने याच्या उलट लिहिले. मला दोघांनाही सारखे गुण द्यावे लागले. आमच्या मुलांचे पंचनामे खात्यांमध्ये नमुना म्हणून दाखवले जात, हे मी आजही सांगतो. कुलथे पुरवठा खात्यात लागला. त्याच्या नाक्यावर बियाण्याच्या गाड्या अडत नसत, अशी त्याच्या वरिष्ठांची तक्रार होती. ती तक्रार मी वाचली आहे. दसरूला पुढच्या वर्षांत नाक्यावर येण्याआधी लांबून गाणे म्हणत यायला सांगितले गेले. त्याने ते मनावर घेतले. गाणी इतकी लांबत गेली की नाका मिटवायची वेळ होई.

पुढे धानावरची बंदी सैल झाली. कहूचे झाड कोणत्या राज्यात, याचे उत्तर मला मिळाले नाही. नंतरच्या एका तुकडीने झाड पुन्हा मोजले आणि ते दोन्ही राज्यांत नसल्याचे सिद्ध केले.

१९७४ च्या हिवाळ्यात पंचफुलाबाईची अर्धी बांधी कापली गेली. त्या धानातला दाणाही तिने खायला काढला नाही. मळणी करून सगळा धान घरच्या ढोल्यात, म्हणजे धान साठवायच्या मोठ्या कणगीत भरला आणि वर माती लिंपली. पुढच्या वर्षी त्यातूनच पूर्ण बांधीचे परे पडले.

१९८६ च्या उन्हाळ्यात मी त्या गावी शेवटचा गेलो. पंचफुलाबाई ढोल्याचे तोंड फोडून बियाणे काढत होती. ती माहेरी शेवटची कधी गेली होती, असे मी विचारले. लग्नाकार्याला जाते, ती म्हणाली. नदी ओलांडून मी तिच्या भावालाही भेटलो. त्या टोपलीनंतर बिजाई पालटायला पंचफुलाबाईच्या घरातून नदीपलीकडे कोणी गेले नव्हते, आणि नदीपलीकडून त्या घरी कोणी आले नव्हते.